वनातील सभामंडप : लाकूड कोणाचे?

(सालवड येथे वर्षावासानिमित्त दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आषाढ पौर्णिमेपासून आपण विहारात जमतो आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन करतो. पण आपला सालवडचा परिसर आता कारखान्यांचा झाला आहे. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या धावपळीत शांतपणे ध्यानाला बसणे अवघड जाते. म्हणून पूर्वेकडे, डोंगराच्या पायथ्याशी, जंगलाच्या कडेला एक लाकडी सभामंडप असावा, तेथे श्रामणेर शिबिर व्हावे, मुलांचे अभ्यासवर्ग व्हावेत, असा विचार सभासदांत चालू आहे. त्याविषयी आम्ही आज चार शब्द बोलणार आहोत.

मंडपाची लांबी-रुंदी किती, हा प्रश्न नंतरचा. पहिला प्रश्न हा की, त्याचे लाकूड कोणाचे?

विनयपिटकात धनिय नावाच्या भिक्खूची कथा आहे. तो कुंभाराचा मुलगा. राजगृहाजवळ त्याने गवताची कुटी बांधली. तो भिक्षेला गेला की लाकूडफाटा गोळा करणारे लोक ती मोडून नेत. असे तीनदा झाले. मग त्याने मातीची कुटी केली आणि ती भट्टीसारखी भाजून काढली. त्यात बारीकसारीक जीव मेले असतील म्हणून भगवंतांनी ती मोडायला लावली. त्यानंतर धनियाने राजाच्या लाकूडकोठारातून 'राजाने दिले आहे' असे सांगून लाकूड नेले. बिंबिसाराने बोलावले तेव्हा तो म्हणाला, 'महाराज, राज्याभिषेकाच्या वेळी आपणच गवत, लाकूड व पाणी श्रमणांना दिले होते.' राजाने उत्तर दिले की, ते अरण्यातल्या, कोणाच्याही मालकीच्या नसलेल्या वस्तूंविषयी होते. न दिलेले घेऊ नये हा भिक्खूंचा दुसरा पाराजिक नियम या प्रसंगातून आला. छन्न भिक्खूने कौशांबीत विहारासाठी लोकांचा पूज्य वृक्ष तोडला, तेव्हाही संघासाठी नियम करावा लागला. म्हणजे आपल्या परंपरेत बांधकामाचे लाकूड हा सुतारकामापुरता विषय नाही, तो शीलाचा विषय आहे.

आज तर मालक नसलेले अरण्य उरलेलेच नाही. 1980 च्या वन संवर्धन कायद्यानुसार वनजमीन दुसऱ्या कामासाठी वापरायची तर केंद्र शासनाची पूर्वपरवानगी लागते. 2006 च्या वनहक्क कायद्याने तेथील आदिवासींचे आणि त्यांच्या ग्रामसभेचे हक्क मान्य केले आहेत. आदिवासी खातेदाराची जमीन शासनाच्या मंजुरीवाचून बिगर-आदिवासींकडे जात नाही. तेव्हा जंगलात शिरण्यापेक्षा कडेची निर्वेध खाजगी जागा पाहावी. सात-बारा उताऱ्यावर 'वन' अशी नोंद नाही ना, हे आधी तपासावे. आणि शेजारच्या पाड्यातील लोकांना विचारल्याशिवाय कुदळ मारू नये. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना जमिनीवाचून ठेवले गेले, त्या समाजाने दुसऱ्याच्या जमिनीबाबत अधिक जपून वागले पाहिजे.

आता मंडपाकडे वळू. लाकूड टिकत नाही, म्हणून सरळ सिमेंटचा स्लॅब घाला, असे काही बंधू म्हणतात. त्यांनी एकदा कार्ल्याला जाऊन यावे. तेथील चैत्यगृह सुमारे 124 फूट लांब आहे. त्याच्या दगडी छताखाली सागवानी कमानी आहेत आणि त्या सुमारे दोन हजार वर्षांच्या आहेत. दरवाजाजवळच्या लेखात धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराचे नाव कोरलेले आहे. दात्यांमध्ये आपल्या सोपाऱ्याचाही माणूस आहे. ते लाकूड टिकले, कारण त्याला पाऊस लागला नाही आणि मातीची ओल पोहोचली नाही. आपल्या मंडपाचे सारे शास्त्र एवढ्यातच आहे : लाकडाचे पाय कोरडे ठेवा आणि डोक्यावर छत्री द्या.

शंभर माणसे जमिनीवर बसणार. माणशी 6 चौरस फूट धरले तर 600 आणि धम्मासन व वाटेसाठी 120, म्हणजे 36 फूट लांब व 20 फूट रुंद जागा पुरेशी आहे. काळ्या दगडाचे जोते अडीच फूट उंच करावे. दोन्ही बाजूंना 9 फुटांच्या अंतराने पाच-पाच, असे 10 खांब. खांब जमिनीत पुरू नयेत. प्रत्येकाखाली दगडी तळखडा असावा, म्हणजे वाळवी दिसते आणि वेळीच काढता येते. वर पाच कैच्या, उतरते पाखे, मंगलोरी कौले. पश्चिमेकडून येणारा पाऊस तिरपा मारतो, म्हणून त्या बाजूचे छप्पर चार फूट पुढे काढावे. मे 2021 च्या तौक्ते वादळात उघड्या छपरांची काय गत होते ते या किनाऱ्याने पाहिले आहे. म्हणून खांब लोखंडी पट्टीने पायाशी आणि कैच्या खांबांशी बोल्टने जखडाव्यात. बोल्टचा आणखी एक फायदा आहे : एक तुळई खराब झाली तर तेवढीच बदलता येते.

खांबांसाठी ताजा साग तोडण्याची गरज नाही. जुनी घरे पाडताना निघालेले, मुरलेले सागवान पावतीसह विकत मिळते. वासे बांबूचे करावेत. 2017 च्या दुरुस्तीनंतर वनाबाहेर वाढलेला बांबू कायद्याने झाड मानला जात नाही, त्यामुळे शेताच्या बांधावरचा बांबू शेतकऱ्याकडून घेता येईल. तो तीन वर्षांहून जुना असावा आणि पावसाळा संपल्यावर तोडावा, कारण कोवळ्या बांबूतल्या पिठूळ भागाला भुंगा लवकर लागतो. बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवल्यावर तो बरीच वर्षे राहतो. मात्र हे औषध पावसाने धुऊन जाते, म्हणून असा बांबू छपराखालीच वापरावा. कमरेइतका कूड कारवीचा आणि मातीने लिंपलेला असावा. हे काम वारली भगिनींइतके कोणालाच येत नाही. त्यांना त्याची पुरी मजुरी द्यावी.

आणि आग! फाल्गुन-चैत्रात भोवतालचे गवत वाळते. मंडपाभोवती पालापाचोळा साफ ठेवावा, स्वयंपाक दूर करावा आणि मेणबत्त्या पत्र्याच्या तबकातच लावाव्यात.

मित्रहो, एक गोष्ट शेवटी सांगतो. मंडपाची चर्चा बाहेर पडताच 'निम्म्या भावात साग देतो' असे सांगणारे आमच्याकडे आले. वाहतूक परवाना कोठे आहे, असे विचारताच ते हसले. रक्कम वाचली असती, वर्गणी कमी पडली असती तरी काम उभे राहिले असते, हे आम्हांलाही कळत होते. पण ज्या खांबाला टेकून आपण 'अदिन्नादाना' म्हणणार, तोच खांब न दिलेल्या लाकडाचा असेल तर मुलांनी आपल्याकडून काय शिकावे? आम्ही नाही म्हटले. त्यामुळे कदाचित मंडपाला दोन वर्षे अधिक लागतील. तोपर्यंत विद्यार्थ्यांनी त्या जागेच्या बांधावर बांबू आणि साग लावावा. आज लावलेल्या बांबूतून पुढची दुरुस्ती होईल आणि सागाचा खांब त्यांची नातवंडे बदलतील.

भवतु सब्ब मंगलं! जय भीम!