हाडांनाही घर असते

काही वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. भद्रावतीबाहेर नाल्याकाठच्या झुडपात एका गुराख्याला माणसाची हाडे दिसली. पोलिसांना पंच हवे होते. चहाच्या टपरीवर बसलेले एक दुकानदार आणि मी, असे दोघे गेलो.

कवटी, काही बरगड्या, चपलेचा पट्टा आणि सदऱ्याची कॉलर. कॉलरीवर शिंप्याची चिंधी होती, पण अक्षरे पुसलेली. गर्दीतल्या एका पोराने मला विचारले, ‘‘चाचा, जाळाचं का पुराचं?’’ मी उत्तर देण्याआधीच जमादार म्हणाले, ‘‘जाळून टाकलं आन् उद्या याची माय आली, त तिले काय दाखवाचं?’’

कायद्याचे सारे मर्म मला त्या एका वाक्यात कळले.

असा मृतदेह किंवा सांगाडा सापडला की पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद करायची, कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवायचे आणि परिसरातील किमान दोन प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष पंचनामा करायचा. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ मध्ये आहे. अहवाल चोवीस तासांत वरिष्ठ दंडाधिकाऱ्यांकडे गेला पाहिजे, अशी भरही तिथे पडली आहे. पुरलेला देह उकरून तपासण्याचा अधिकारही दंडाधिकाऱ्यांना आहे.

मग वैद्यकीय तपासणी होते. हाडांवरून वय, लिंग, उंचीचा अंदाज बांधतात. देह शाबूत असेल तर आपल्याकडच्या बाईचे गोंदणसुद्धा पुरावा ठरते. काहीच उरले नाही तर दात किंवा मांडीच्या हाडातून डीएनए काढतात.

नोंद राहिली तर काय होते, हे पेण तालुक्यातील गागोदे खुर्दने दाखवले. मे २०१२ मध्ये तिथल्या जंगलात एक जळका देह सापडला. काही नमुने मुंबईला गेले, उरलेले अवशेष तिथेच पुरले गेले. पण अकस्मात मृत्यूची नोंदच झाली नाही. तीन वर्षे ती तरुणी कुणाच्याच कागदावर मेलेली नव्हती. ऑगस्ट २०१५ मध्ये दुसऱ्याच तपासातून धागा निघाला, अवशेष पुन्हा उकरले गेले आणि डीएनए आईशी जुळल्याचा अहवाल आला. देह पुरला होता म्हणून उकरता तरी आला.

पण डीएनए एकट्याने बोलत नाही. तो जुळवायला आई, भाऊ किंवा लेकराचे रक्त लागते. अनोळखी मृतांची आणि हरवलेल्यांची डीएनए सूची करण्याची तरतूद असलेले विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आले, २०२३ मध्ये मागे घेतले गेले. म्हणजे दुवा जोडायचा तो आपणच.

कामाला गेलेला माणूस परतला नाही, तर ‘येईल कधीतरी’ म्हणून थांबू नका. ठाण्यात हरवल्याची तक्रार द्या, प्रत घ्या. फोटो, व्रण, पडलेला दात, सारे सांगा. आणि पंच म्हणून बोलावले तर कोर्टाच्या फेऱ्यांना भिऊन पाठ फिरवू नका. वाचून सही करा.

त्या नाल्याकाठच्या माणसाचे नाव मला अजून कळलेले नाही. पंचनाम्यावर त्याच्या नावाची जागा कोरी होती आणि खाली माझी सही. कुणी त्याला शोधत आले, तर त्यांना दाखवायला तेवढा एक कागद तरी आहे.