पायाचीही सेवा करा
(शताब्दी सोहळ्यात केलेले भाषण)



दिंडीला शंभर वर्षं झाली. देवाचं सगळ्यांनी सांगितलं, आम्ही जरा पायाचं सांगतो. आळंदी ते पंढरी अडीचशे किलोमीटर वाट याच पायांनी चालायची असते.

अंगठ्याच्या बुडाशी हाड बाहेर येतं आणि अंगठा शेजारच्या बोटाकडं कलतो. आमच्या उजव्या पायाला तेच झालं. डॉक्टर म्हणाले, "याला बनियन म्हणतात." आम्ही म्हणालो, "साहेब, बनियन तर अंगात आहे!" हसून झालं, पण दुखणं राहिलं.

आम्ही ते लपवलं. कीर्तनकार लंगडतो म्हटल्यावर लोक काय म्हणतील? लेकानं आणलेले, पुढं निमुळते बूट घालून पुणं सोडलं. दिवे घाटात हाडावर निखारा ठेवल्यागत झालं. सासवडला पोचलो ते सामानाच्या ट्रकात बसून. त्या रात्री टाळ हातात धरला, पण डोळ्याचं पाणी थांबेना.

तेव्हापासून शिकलो ते सांगतो. चप्पल पुढं रुंद घ्यावी, बोटं मोकळी पसरली पाहिजेत. पट्टा हाडावर येत असेल तर ती नको. नवी चप्पल वारीत काढू नये, महिनाभर आधी रानात जाता-येता वापरावी. डोक्यावर हंडा घ्यायला चुंबळ करतो ना, तशी मऊ कापडाची लहानशी चुंबळ हाडाभोवती बसवावी आणि चिकटपट्टी लावावी, म्हणजे घासत नाही. अंगठा आणि बोट यांच्या मधे कापडाची पातळ घडी ठेवावी, पण कोंबू नये. मुक्कामाला बर्फ फडक्यात गुंडाळून 10-15 मिनिटं धरावा, नुसता कातडीला लावू नये. बर्फ नसला तर गार पाण्याची पट्टी. मग पाय वळकटीवर ठेवून पडावं.

यानं हाड आत जात नाही, दुखणं उतरतं, एवढंच. हाड चोळून बसवून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

ज्यांना शुगर आहे त्या माऊलींनी नीट ऐका. पाय बधिर असला तर भाजलेलं कळत नाही. म्हणून शेक नको, आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय बर्फही नको. ब्लेडनं कातडी सोलू नका. रोज रात्री पाय बघा, दिसत नसेल तर शेजारच्याला दाखवा. अंगठा एकाएकी लाल, गरम झाला, जखम झाली, पू आला किंवा ताप भरला, तर थेट दवाखाना गाठा.

सोसलं म्हणजे भक्ती वाढली, असं आम्हाला वाटायचं. तो अहंकार होता. वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो. ज्या पायावर दुसरा माऊली म्हणून डोकं ठेवतो, त्याचे हाल आपणच का करावेत? दुखत असेल तर सांगा, लपवू नका. पडशी घ्यायला दिंडीत माणसं आहेत.

रामकृष्ण हरी!