आधी तीन श्वास

(१९८५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात एका माजी विद्यार्थिनीने केलेले भाषण)



"ध्यानावर पाच मिनिटं बोल," असं संयोजकांनी सांगितलं तेव्हा मला हसूच आलं. प्रार्थनेच्या वेळी डोळे उघडे ठेवते म्हणून सगळ्यांत जास्त वेळा रांगेबाहेर उभी राहिलेली मुलगी मीच. मला उभं करणारे सर आज समोरच बसले आहेत. सर, डोळे मिटायला मी पुढे शिकले. का शिकले, तेवढंच सांगते.

माझे वडील, आमचे अण्णा, एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांना स्मृतिभ्रंश झाला. रोज दिवेलागणीला ते चपला घालून दाराशी यायचे आणि विचारायचे, "गाडी लागली का?" मी सांगायचे, "अण्णा, तुम्ही रिटायर झालात." पाच मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न. दहाव्या वेळी माझा आवाज चढायचा. एकदा बँकेतून दमून आले होते. मी त्यांचा हात धरला आणि ओढतच त्यांना खुर्चीत बसवलं. ते काही बोलले नाहीत. त्यांच्या मनगटावर माझ्या बोटांचे वळ उठले होते. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

भावाने अण्णांना काही दिवस स्वतःकडे नेलं आणि मी इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला गेले. पहाटे चारला घंटा, दिवसात सुमारे दहा तास बैठक, मोबाईल जमा, पूर्ण मौन. पहिले तीन दिवस काम एकच, नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास पाहायचा. चौथ्या दिवसापासून अंगभर लक्ष फिरवायचं आणि जे जाणवेल ते फक्त पाहायचं. सत्यनारायण गोएंकाजी स्वतः या मार्गाकडे वळले ते अर्धशिशीने बेजार होऊन. पण त्यांचे गुरू ऊ बा खिन यांनी त्यांना बजावलं होतं, की केवळ डोकेदुखी घालवायला येत असाल तर येऊ नका. मी तर राग घालवायलाच गेले होते!

तासभर न हलता बसायच्या एका बैठकीत अण्णांचं ते मनगट डोळ्यांपुढे आलं. उठून पळावंसं वाटलं, पण बसून राहिले. तेव्हा कळलं, राग थेट जिभेवर येत नाही. आधी जबडा आवळतो, कान तापतात, श्वास छातीतच अडकतो. आणि त्या रागाच्या तळाशी भीती होती. आज हे स्वतःची निवृत्ती विसरले, उद्या मला विसरतील.

घरी आल्यावर तिसऱ्याच दिवशी मी पुन्हा ओरडले. खोटं कशाला सांगू? पण या वेळी अर्ध्या वाक्यात थांबले. मग एक नियम केला. पहाटे दूधवाला यायच्या आधी वीस मिनिटं बसायचं. आणि संध्याकाळी तो प्रश्न आला, की ओट्याला हात टेकायचा, जबडा आवळलाय का ते पाहायचं, तीन श्वास सावकाश सोडायचे आणि मगच उत्तर द्यायचं. हळूहळू उत्तरही बदललं. "अजून लागली नाही, अण्णा. तोवर चहा घेता का?" बहुतेक वेळा ते बसायचे.

ध्यान म्हणजे औषध नव्हे. अण्णांचे डॉक्टर आणि गोळ्या चालूच होत्या. दुपारच्या मदतीला बाई ठेवली, रविवार भावाकडे मागून घेतला. ज्यांचं मन फार खचलं आहे त्यांनी आधी डॉक्टरांना भेटावं. शिबिराच्या अर्जातही मानसिक आजाराविषयी विचारतात, ते लपवू नये.

माझी भीती शेवटी खरी ठरली. शेवटच्या वर्षी एका संध्याकाळी अण्णांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "कुठं जायचं, ताई?" छातीत कळ आली. तिला येऊ दिलं. तीन श्वास झाल्यावर म्हटलं, "घरी." त्यांनी हवेतच तिकीट फाडून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "सुट्टे द्या." मी हसले, मग तेही हसले. रागाच्या भरात असते तर ही संध्याकाळ माझ्या हातून गेली असती. आता अण्णा नाहीत. ते वळ मला आठवतात, पण ते तिकीटही आठवतं.

मित्रांनो, आपण सगळे पंचावन्नच्या पुढचे. प्रत्येकाच्या घरी तोच तोच प्रश्न विचारणारं कुणीतरी आहे, आणि काही वर्षांनी ते आपणच असू. म्हणून जेवणाला उठण्याआधी इथेच तीन श्वास घेऊ या.

सर, या वेळी मी डोळे नक्की मिटते. हवं तर तपासून घ्या.