शाळेपुढील हिरवळ : आधी मशागत, मग लागवड



शाळेपुढे हिरवळ करावयाचे ठरले की बहुतेक ठिकाणी एकच प्रकार घडतो. पावसाची पहिली सर येताच ओढ्याकाठची हरळी उपटून आणतात, पटांगणात जागा सापडेल तेथे ती खुपसतात आणि चार दिवस पाणी घालतात. श्रावणात हिरवळ दिसू लागते. दिवाळीची सुट्टी संपवून शिक्षक परत येतात तो जागोजागी टक्कल पडलेले असते. दोष मग गवताला, पावसाला किंवा गावच्या गुरांना दिला जातो. वस्तुतः हरळीइतके चिवट गवत दुसरे नाही. रानात ती एकदा शिरली म्हणजे शेतकऱ्याची सारी हयात तिला खणण्यात जाते. असे गवत ज्या पटांगणात मरते, त्या पटांगणाची जमीन कोणत्या अवस्थेत असेल, याचा विचार लागवडीपूर्वी व्हावयास हवा.

शाळेचे अंगण वर्षानुवर्षे शेकडो पायांनी तुडविलेले असते. मातीचे कण एकमेकांत दाबले जाऊन त्यांमधील पोकळ्या बुजतात. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते, आणि त्या पोकळ्यांवाचून दोन्हींचा मार्ग बंद होतो. याची परीक्षा सोपी आहे. सुमारे 30 सेंटिमीटर खोलीचा खड्डा घेऊन तो पाण्याने भरावा. ते जिरले की पुन्हा भरावा. दुसऱ्या वेळचे पाणी दुसऱ्या दिवशीही तसेच उभे असेल, तर त्या जागी निचरा नाही असे समजावे. माती कोणत्या जातीची आहे हे पाहण्यासाठी काचेच्या बाटलीत एक तृतीयांश माती व वर पाणी घालून बाटली चांगली हलवावी व ठेवून द्यावी. वाळू मिनिटा-दोन मिनिटांत तळाशी बसते, पोयटा काही तासांनी बसतो आणि चिकणमातीने पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ राहते. चौथीच्या मुलांना हे थर पट्टीने मोजावयास दिले, तर परिसर अभ्यासाचा एक तास उत्तम जातो.

खणण्यास योग्य वेळ एप्रिलची. कुदळीने 20 ते 25 सेंटिमीटर खोल खणून ढेकळे तशीच उन्हात पडू द्यावीत. हे काम मोठ्या माणसांचे आहे. मुलांनी दगड-गोटे, काचा व खिळे वेचावेत, तेही शिक्षकाच्या देखरेखीखाली. वळवाचा पाऊस झाला असेल, तर काळ्या जमिनीत वापसा येईपर्यंत कुदळ लावू नये. ओली काळी माती खणली की तिचे विटेसारखे गोळे होतात व ते पुढे सहजी फुटत नाहीत. ज्या जमिनीवर उन्हाळ्यात पांढरी खपली धरते, तिची माती आधी तपासून घ्यावी. चोपण निघाल्यास जिप्सम किती घालावे हे त्या तपासणीवरूनच ठरवावयाचे असते, अंदाजाने नव्हे. कोकणात जांभ्याच्या कातळावर मातीचा थरच पातळ असतो. तेथे खणण्यापेक्षा बाहेरून माती आणून भर घालणे भाग पडते.

मेच्या उन्हाचा मोठा उपयोग लव्हाळ्यावर होतो. नुसती खुरपणी केली तर लव्हाळ्याच्या गाठींची साखळी तुटते आणि सुटलेली प्रत्येक गाठ नव्याने फुटते. त्याच गाठी वर येऊन कडक उन्हात वाळल्या म्हणजे निर्जीव होतात. गाजरगवत मात्र फुलोऱ्यावर येण्यापूर्वी, हातांना कापड गुंडाळून, मोठ्यांनीच उपटावे. त्याच्या स्पर्शाने अंगाला खाज सुटते.

खत पूर्ण कुजलेलेच हवे. अर्धवट कुजलेल्या शेणखताबरोबर तणाचे बी व हुमणीच्या अळ्या घरात घेतल्यासारखे होते. 100 चौरस मीटर जागेवर अडीच सेंटिमीटर जाडीचा थर द्यावयाचा, तर अडीच घनमीटर खत लागते. गाडीवानाशी बोलण्यापूर्वी हे गणित सातवीच्या वर्गाकडून करवून घ्यावे. खत पसरून ते खणलेल्या मातीत खालपर्यंत मिसळावे. नुसते वर टाकल्यास मुळेही वरच राहतात. नंतर जमीन सपाट करताना भिंतीकडून बाहेर, दर 10 मीटरला 10 ते 15 सेंटिमीटर असा उतार ठेवावा.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. जूनचा पाऊस पडला तरी लगेच लागवड करू नये. दोन-तीन आठवडे जमीन मोकळी ठेवून मातीतील तण उगवू द्यावे, ते काढावे, आणि पुन्हा उगवल्यास पुन्हा काढावे. गावकरी हसतील, कोणी विचारील की मास्तरांनी पाऊस वाया का घालविला. पण हरळीत मिसळून वाढलेले तण नंतर वेगळे करणे हे वर्षभराचे दुखणे होऊन बसते.

एवढ्या खटाटोपाचे खरे कारण पाणी हे आहे. जेथे उन्हाळ्यात पिण्याचे पाणी टँकरने येते, तेथे हिरवळीवर एक घागरही ओतणे योग्य नाही. खोल मशागत केलेल्या जमिनीत हरळीची मुळे खाली उतरतात. उन्हाळ्यात पाती वाळून गवत पिवळे पडते, पण जमिनीखालील भाग जिवंत राहतो आणि पावसाबरोबर पुन्हा फुटतो. टणक जमिनीत मुळे वरच्या दोन बोटांत अडकलेली असतात. तेथे हिरवळ जगवावयाची म्हणजे रोज पाणी द्यावेच लागते. म्हणून जागा लहान निवडावी, पण पुरी खणावी. चिंचेखालची किंवा वडाखालची जागा सोडून द्यावी, कारण सावलीत हरळी धरत नाही.

जुलैच्या आरंभी दोन-तीन पेरांचे तुकडे 8 ते 10 सेंटिमीटर अंतराने लावून मातीत दाबावेत. शेजारी शेत असल्यास कडेने वीतभर खोल चर ठेवून तो वरचेवर साफ करावा, नाहीतर शेतकऱ्याची तक्रार रास्त ठरेल. दीड-दोन महिने त्यावर खेळ नको. तोवर प्रार्थना व्हरांड्यात घ्यावी. पाती बोटभर उंच झाली की धारदार विळ्याने वरचे शेंडे तेवढे छाटावेत आणि बारीक कापलेले गवत तेथेच पसरू द्यावे.