गावाला नाव वालचंदांचं, गोळीला रावळगावचं

बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागलं की भवानीनगर मागे पडतं, जंक्शनला वळण येतं आणि पुढे वालचंदनगर. माणसाच्या नावाचं गाव आपल्याकडे नवं नाही. पण इथली गोष्ट निराळी आहे. या माणसाने आयुष्यात जेवढ्या मोठ्या कंपन्या काढल्या, त्यांतल्या बहुतेकींच्या पाटीवर त्याचं नाव नव्हतंच. धंदा स्वतःच्या नावावर वाढवायचा की धंद्याला स्वतंत्र नाव द्यायचं, हा आजचा विषय. त्याचा अभ्यास करायला बारामती-इंदापूरकरांना फार लांब जावं लागत नाही.

वालचंद हिराचंद दोशी सोलापूरचे, जन्म १८८२ चा. रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटकांबरोबर त्यांनी रेल्वेची कंत्राटं घेतली, आणि त्या भागीदारीचं नाव होतं फाटक-वालचंद. कंत्राटदारीत ते साहजिकच होतं. पूल पडला तर कोणाची मानगूट धरायची, हे काम देणाऱ्याला आधी कळायला हवं असतं. तिथे माणसाची पतच विकली जाते.

जहाजांचा धंदा आला तेव्हा हिशेब बदलला. १९१९ साली ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडून घेतलेल्या ‘लॉयल्टी’ बोटीवर सुरू झालेली कंपनी ‘सिंदिया’ झाली. १९४० साली बंगळूरला विमानांचा कारखाना निघाला, तो ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’. बांधकामाची कंपनी ‘हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन’, मोटारींची ‘प्रीमियर’. ही नावं निवडण्यामागे व्यवहार दिसतो. सिंदियासारखी कंपनी लोकांच्या भांडवलावर उभी राहायची. स्वदेशीच्या त्या काळात लोक देशाच्या नावाने पैसे घालायला तयार होते. सोलापूरच्या एका व्यापाऱ्याच्या नावाने तेवढे घातले असते का, याची शंकाच आहे.

ही निवड पुढे महागही पडली. विमानाच्या कारखान्याचा कारभार सरकारने १९४२ मध्ये हाती घेतला. सिंदियाने उभारलेली विशाखापट्टणमची जहाजगोदी १९५२ मध्ये सरकारकडे गेली. दोन्ही संस्था आज चालू आहेत, दोन्हींच्या नावात हिंदुस्थान आहे आणि संस्थापक कोण हे विमानतळावरच्या प्रवाशाला ठाऊक नसतं. स्वतंत्र नावाचा धंदा मालकाशिवाय जगतो, याचा अर्थ तो मालकाला विसरूनही जगतो.

आता आपल्या इंदापूर तालुक्यात येऊ. कळंबच्या शिवारात १९३०च्या दशकात साखर कारखाना उभा राहिला, त्याभोवती वसाहत झाली आणि वसाहतीला वालचंदांचं नाव मिळालं. कारखाना ज्या कंपनीचा होता ती १९०८ साली नोंदलेली, नाव मार्सलंड प्राइस, म्हणजे चक्क साहेबाचं. तीच पुढे वालचंदनगर इंडस्ट्रीज झाली. बारकाईने पाहा: कंपनीने नाव घेतलं ते गावाचं, माणसाचं नव्हे. वालचंदनगरला साखरेपासून सुरुवात करून ती साखर कारखान्यांची यंत्रं बनवू लागली, आणि पुढे इस्रोच्या रॉकेटांच्या मोटारींची आवरणंही. २०२३ मध्ये चंद्रयान-३ घेऊन गेलेल्या रॉकेटाचे भाग इथे घडले, तेव्हा बातम्यांत नाव आलं ते वालचंदनगरचं. इस्रोने एखाद्या शेठजींच्या वलयाकडे पाहून काम दिलेलं नाही. तिथे जोडकाम तपासलं जातं.

वालचंदांचंच दुसरं उदाहरण नाशिक जिल्ह्यातलं. रावळगावला त्यांनी शेती केली, साखर कारखाना काढला आणि त्याच नावाने गोळ्याही निघाल्या. पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक. दुकानदाराकडे सुट्टे नसले की हातावर टेकवली जायची ती रावळगाव. २०२४ च्या फेब्रुवारीत या गोळ्यांची नाममुद्रा आणि पाककृती रिलायन्सच्या कंपनीने २७ कोटी रुपयांना घेतली. जमीन, इमारत, यंत्रं मूळ कंपनीकडेच राहिली. विकलं गेलं ते नाव आणि चव. गोळीवर संस्थापकाचं नाव असतं, तर हा सौदा इतका सुटसुटीत झाला नसता.

तो का झाला नसता, हे किर्लोस्करांकडे पाहिलं की कळतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. आडनाव एवढं मोठं झालं की ते सांभाळायला किर्लोस्कर प्रोप्रायटरी ही वेगळी कंपनी ठेवावी लागली. तरीही पुढच्या पिढ्यांत नावाच्या हक्कावरून कोर्टकज्जे झालेच. आडनाव घरातल्या प्रत्येकाचं असतं. नाममुद्रा मात्र एकाच मालकाची असावी लागते.

बारामतीच्या एमआयडीसीत यावर एक मधला मार्ग दिसतो. फेरेरो हे इटलीतल्या एका कुटुंबाचं आडनाव, पण पोरं हट्ट धरतात तो किंडर जॉयसाठी. पियाजिओ हेही आडनावच. रिक्षावाला मात्र ‘आपे’ घेतो आणि हौशी माणूस ‘वेस्पा’. कंपनीवर घराण्याचं नाव, मालावर मालाचं. एक माल पडला तरी घराण्याची अब्रू सगळी जात नाही.

आणि नाव नसलेलाही धंदा इथेच आहे. श्रायबर डायनॅमिक्सच्या डेअरीतून चीज निघतं ते बरंचसं दुसऱ्यांच्या वेष्टनात. ब्रिटानियासाठी ते इथे बनलं. त्याच परिसरातल्या ‘सोनाई’ने मात्र दुधाच्या पिशवीवर स्वतःचं नाव छापलं. साखरेची तऱ्हा आणखी वेगळी. कर्मयोगी शंकररावजी पाटील, छत्रपती, सोमेश्वर ही नावं कमानीवर, पोत्यावर मोठी. घाऊक बाजारात व्यापारी विचारतो, ‘एस-३० आहे का एम-३०?’ दाण्याच्या आकाराला भाव आहे, कारखान्याच्या नावाला नाही.

हे सगळं आज सांगायचं कारण समोर बसलेली तरुण मंडळी. बारामतीच्या ‘कृषिक’ प्रदर्शनात फिरलं की दिसतं: कोणी सेंद्रिय गूळ विकतो, कोणी डाळिंबाचा रस, कोणी मोबाइलवर शेतीचे व्हिडिओ करतो. व्हिडिओ करणाऱ्याचं आणि सल्ला देणाऱ्याचं चेहऱ्यावाचून चालत नाही. लोक त्याच्या अनुभवाचे पैसे देतात. तिथे स्वतःचं नाव लावणंच शहाणपणाचं. पण तो जेव्हा गूळ विकायला लागतो, तेव्हा चुलवाणापुढे दुसरा माणूस असतो, वेष्टन तिसरा करतो, आणि एका वाईट ढेपेची शिवी मात्र चेहऱ्याला बसते. अशा वेळी चेहऱ्याने गिऱ्हाईक दारापर्यंत आणावं आणि ढेपेवर निराळं नाव असावं.

ते नाव नोंदवणं अवघड नाही. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याखाली ऑनलाइन अर्जाला व्यक्ती किंवा लघुउद्योगासाठी एका वर्गाला ४,५०० रुपये शुल्क आहे. दुधाचे पदार्थ वर्ग २९ मध्ये, गूळ-साखर ३० मध्ये, ताजी फळं ३१ मध्ये. नोंदणी १० वर्षांची, पुढे नूतनीकरण. प्रामाणिकपणे स्वतःचं नाव वापरणाऱ्याला कायदा अडवत नाही, त्यामुळे आडनावाचा ब्रँड केला तर त्याच आडनावाचा शेजारी सहज रोखता येत नाही. राहिला अर्जदाराचा रकाना. तिथे व्यक्तीचं नाव घातलं तर तिच्या पश्चात वारसांना हक्क आपल्या नावे चढवून घ्यावा लागतो. कंपनीचं घातलं तर मालकी कंपनीकडेच राहते आणि वाटणी होते ती समभागांची. भावाभावांचा एकत्र धंदा असेल, तर हा रकाना भरण्याआधी घरात एकदा बसून बोलावं.