शाळा घरी आली तेव्हा

आम्ही एका छोट्या वस्तीवरच्या बचत गटातल्या बाया. आमची मुलं जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकली, काहींची अजून शिकताहेत. आज आम्ही त्या दिवसांबद्दल बोलणार आहोत, जेव्हा शाळेला कुलूप होतं आणि अभ्यास घरी आला होता. तुम्ही म्हणाल, झालं गेलं, आता कशाला तो विषय? पण बायांनो, लेकरांची शाळा अजूनही सुटते. कधी पुरामुळं, कधी साथीमुळं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत तर दर वर्षी सुटते. म्हणून आमचं काय चुकलं आणि काय जमलं, ते तुम्हाला सांगावं असं वाटलं.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग भरायला १ डिसेंबर २०२१ उजाडला. जरा हिशेब करा. जून २०२० मध्ये ज्या लेकराचं नाव पहिलीत घातलं, ते वर्गात पहिल्यांदा बसलं तेव्हा दुसरीत होतं. अक्षरओळख, वाचन, बेरीज, वजाबाकी, ज्या वयात हे सगळं हातात बसतं, ते वय घरात गेलं.

सरकारनं सांगितलं, शाळा बंद, पण शिक्षण सुरू. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका लागायची. ‘दीक्षा’ ॲप होतं. शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर रोज अभ्यास यायचा. आम्हाला वाटलं, फोन घेतला की झालं. एकीनं त्यासाठी गटातून कर्ज उचललं, एकीनं शेळी विकली.

पण फोन घरात असणं वेगळं आणि लेकराच्या हातात असणं वेगळं. ‘असर’ नावाची पाहणी दर काही काळानं देशभरातल्या खेड्यांतून होते. २०२१ च्या पाहणीत दिसलं, की शाळेत जाणाऱ्या शंभरातल्या साधारण ६८ मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. पण अशा घरांतल्या दर चार मुलांपैकी एकाला तो वापरायलाच मिळत नव्हता. आमच्या वस्तीवर तेच होतं. सकाळी फोन बापाच्या खिशात बसून कामावर जायचा. रात्री आला की आधी दहावीतल्या थोरल्याला. धाकट्यांचा नंबर लागेपर्यंत ती झोपलेली असायची.

त्यांत आमच्या गटातल्या एकीची चौथीतली मुलगी होती. पोरगी हुशार. शाळा बंद झाल्यावर तिनं भांडी, झाडलोट, धाकट्या भावाला सांभाळणं असं एकेक काम अंगावर घेतलं. आम्ही सगळ्या तिचं कौतुक करायचो. म्हणायचो, आईला केवढा हातभार लावते! तिचा अभ्यास कधी होतो, हे आमच्यातल्या एकीनंही विचारलं नाही. आई तर बोलून गेली, पाचवीला शेजारच्या गावात जायचं, त्यापेक्षा राहू दे आता घरीच.

हे आधी कुणाला कळलं? शाळेतल्या बाईंना. शाळा बंद असली तरी पोषण आहाराचा तांदूळ आणि डाळ पालकांना वाटत होते. तो न्यायला आम्ही शाळेत जायचो. बाईंनी त्या दिवसाचा उपयोग करून घेतला. एकेकीला बाजूला बसवून विचारलं. फोन कुणाचा? घरी किती वाजता येतो? रिचार्ज आहे का? घरात वाचता कुणाला येतं? मुलाला निवांत वेळ कधी मिळतो? हे सगळं त्यांनी वहीत लिहून घेतलं. आम्हाला वाटलं होतं, बाई रागावतील. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “तुमच्या घरात काय आहे तेच मला माहीत नसेल, तर मी अभ्यास पाठवू कसा?”

त्या दिवसापासून गोष्ट बदलली. ज्यांच्याकडे फोन नव्हता, त्यांना आठवड्याचा अभ्यास कागदावर मिळू लागला. तो दर सोमवारी आणायचा, मागचा भरून द्यायचा. फोन रात्रीच येतो अशा घरांना बाई रात्री आठनंतर फोन करायच्या.

पहिल्या महिन्यात आम्ही घोटाळा केला. कागद कोरा गेला तर लाज वाटेल म्हणून कुणी थोरल्या मुलाकडून भरून घेतला, कुणी शेजारच्या पोरीकडून. बाईंनी ओळखलं. म्हणाल्या, “ताई, चुका खोडू नका. लेकराला कुठं अडलंय, ते मला त्याच्या चुकांवरूनच कळतं. बरोबर उत्तरं मला येतातच.” त्यावर आम्ही हसलो, पण मनात लागलं.

मग आमच्यातली एक म्हणाली, “बाई, मला वाचता येत नाही. मी काय मदत करणार?” बहुतेकींच्या मनात तेच होतं. बाई म्हणाल्या, “ऐकता येतं ना?” आणि त्यांनी रीत सांगितली. लेकराला जवळ बसवायचं. मोठ्यानं वाच म्हणायचं. मधे टोकायचं नाही. वाचून झालं की विचारायचं, गोष्टीत काय झालं? मग पुढे काय झालं? तू असतास तर काय केलं असतंस? लेकराला सांगता आलं तर त्याला वाचलेलं कळलं. अडखळलं तर पुन्हा एकदा वाचायचं. यात आईला एक अक्षर यायची गरज नाही.

हिशेबाचंही तसंच. बाजारातून आणलेल्या भाजीची बेरीज, पन्नासच्या नोटेतून परत किती, भाकरीचे चार सारखे भाग, गटाच्या पासबुकातले आकडे मोठ्यानं वाचणं. हा सगळा अभ्यासच आहे.

आम्ही ठरवलं, दिवेलागणीनंतर अर्धा तास चूल आणि टीव्ही दोन्ही बंद. चार-चार घरांची मुलं एका ओसरीवर, अंतर ठेवून, तोंडाला रुमाल बांधून. आळीपाळीनं एकेक आई बसायची. त्या मुलीच्या आईची पाळी आली, तेव्हा पोरीनं धडा वाचला आणि आईनं विचारलं, पुढे काय झालं? पोरगी बोलतच सुटली. आई नंतर आम्हाला म्हणाली, “वर्षभर मी हिला नुसती कामंच सांगत होते गं. हिला एवढं बोलता येतं, हे मला माहीतच नव्हतं.” भांडी त्या दिवसापासून वाटून घेतली, दहावीतल्या भावालाही. जुलै २०२१ पासून पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आला, तो तिनं रोज केला. शेजारच्या गावातली शाळा उघडली, तेव्हा ती पाचवीत जाऊन बसली.

सगळं गोड झालं नाही, तेही सांगतो. एक मुलगा आमच्या हातून सुटला. आईबाप वीटभट्टीवर गेले, त्यालाही नेलं. बाईंच्या वहीत त्यांचा नंबर होता. पण तो बदलला, आणि नवा कुणीच मागून घेतला नाही. दीड वर्षानं तो परत आला, तेव्हा मागच्या बाकावर गप्प बसायचा. पुस्तक उघडलं की डोळे खाली घालायचा. त्याची आई आमच्याच वस्तीवरची. आम्ही एक फोन केला असता, तर? हा प्रश्न आमच्या बैठकीत अजून निघतो.

म्हणून आता आमच्या गटाच्या बैठकीत हप्ता आणि कर्ज झालं की तिसरा विषय असतो, लेकरं. कोण बाहेरगावी जाणार आहे? त्याच्या पिशवीत पुस्तक आणि वही ठेवली का? नवा नंबर घेतला का? जिथं जातील तिथल्या शाळेत बसवायला सांगितलं का? शाळेतल्या बाईंना कळवलं का?

मैत्रिणींनो, आज रात्री एकच करून बघा. भाकरी झाल्या की लेकराला जवळ घ्या आणि म्हणा, मला एक पान वाचून दाखव. मग विचारा, पुढे काय झालं? आणि शेजारच्या घरात एखादी पोरगी फार कामाची म्हणून सगळ्या तिचं कौतुक करत असतील, तर तिचं पुस्तक कुठं आहे, तेवढं जरूर विचारा.