दुखणे ज्याचे, कागद त्याचा

वरणगाव येथे साक्षरता वर्गातील मंडळींपुढे केलेले भाषण



आता तुम्हांला वाचता येते. एस.टी.ची पाटी तुम्ही वाचता, सातबारा वाचता. आज आम्ही आणखी एका कागदाविषयी बोलणार आहोत. तो कागद म्हणजे दवाखान्यातला केसपेपर.

केसपेपरवर काय असते? आपले नाव, वय आणि गाव असते. दुखणे कोणते, औषध कोणते, रक्तात काय निघाले, हेही असते. हल्ली मोबाईल नंबर आणि आधारही मागतात. म्हणजे आपली सगळी कुंडलीच झाली. कुंडली आपण वाटेवरच्या माणसाला दाखवतो का? मग केसपेपर का दाखवावा?

कोणी म्हणेल, "गुरुजी, दुखणे म्हणजे काय चोरी आहे? लपवायचे कशाला?"

डॉक्टरांपासून दुखणे मुळीच लपवू नये. क्षयरोगाचेच घ्या. क्षयाचा रोगी सापडला, की डॉक्टरांनी सरकारला कळवलेच पाहिजे, असा नियम 2012 सालापासून आहे. त्यामुळे रोग्याला मोफत औषध मिळते. पोषणासाठी खात्यात पैसे जमा होतात. घरच्यांची तपासणी होते. हे योग्यच आहे. पण सरकारला कळवणे वेगळे आणि पारावर कळवणे वेगळे.

पारावर कळले, तर काय होते? आपले वरणगाव हमरस्त्यावरचे गाव. सकाळी बाजारात निघालेली गोष्ट संध्याकाळी भुसावळला पोचते. समजा, एका सासुरवाशिणीला क्षय झाला आणि तिचे नाव फुटले. केळीच्या बागेत तिला कोणी मजुरीला बोलवत नाही. नणंदेचे जमत आलेले लग्न मोडते. घरचे तिलाच बोल लावतात. मग ती बाई दवाखान्याची वाट सोडते. क्षयाचे औषध साधारणपणे सहा महिने घ्यावे लागते. ते मध्येच सुटले, की रोग बळावतो आणि खोकल्यातून दुसऱ्यांना लागतो. ज्यांनी चर्चा केली, त्यांच्याही घरी तो जातो.

करोनाच्या साथीत, 2020 साली, अनेक ठिकाणी रोग्यांच्या दारावर कागद चिकटवले गेले. शेवटी 9 डिसेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अधिकाऱ्याचा कायद्याप्रमाणे खास आदेश असल्याशिवाय असे कागद लावू नयेत.

पूर्वी केसपेपर कपाटात असे. आता तो संगणकातही असतो. त्याने सोय झाली, पण जोखीमही वाढली. 2019 साली जर्मनीतल्या एका संस्थेने जगभर पाहणी केली. एक्स-रे आणि स्कॅन ठेवणारे पुष्कळ संगणक इंटरनेटवर उघडेच सापडले. भारतात तर आपला महाराष्ट्र सर्वांत पुढे होता. एकट्या महाराष्ट्रातल्या 3 लाखांहून अधिक नोंदी कोणालाही पाहता येत होत्या. कुणी कुलूप फोडले नव्हते. कुलूप लावलेच नव्हते.

कायदा आपल्या बाजूने आहे. खासगीपणा हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 रोजी दिला. एच.आय.व्ही. झालेल्या माणसाचे नाव मन मानेल तसे सांगण्यास 2017 च्या कायद्याने बंदी आहे. संगणकातील माहितीच्या रक्षणासाठी 2023 साली कायदा झाला. पण कायदा कागदावर असतो. तो वाचणारा आणि विचारणारा माणूस हवा. म्हणून पाच गोष्टी ध्यानात धरा.

1. केसपेपर आणि रिपोर्ट रद्दीत घालू नका. उद्या त्याच कागदात कुणाला तरी शेव बांधून मिळेल. नको असतील, तर फाडून जाळा.

2. सही किंवा अंगठा देण्याआधी कागद वाचा. "ही माहिती कशाला हवी? कोण पाहणार?" असे विचारा. विचारण्यात उद्धटपणा नाही.

3. आभा कार्ड काढणे ऐच्छिक आहे. काढले, तर आपली नोंद कोणाला दाखवायची, हे आपल्या संमतीवर असते. फोनवरून कोणी ओटीपी मागितला, तर देऊ नका.

4. आशाताई घरी आल्या, की त्यांना ओट्यावर चार बायकांत बोलायला लावू नका. आत बोलवा.

5. दुसऱ्याचा रिपोर्ट मोबाईलवर आला, तर पुढे पाठवू नका. पुसून टाका.

यातली पाचवी गोष्ट सर्वांत अवघड आहे, हे आम्ही जाणतो. दुसऱ्याची बातमी पोटात राहत नाही. पण आपल्या लेकीचे दुखणे चावडीवर निघू नये, असे आपल्याला वाटते ना? मग शेजाऱ्याच्या लेकीचेही आपल्या तोंडून निघू नये.

आज घरी गेल्यावर एक काम करा. आपला केसपेपर शोधा. त्यावरचे नाव आणि वय बरोबर आहे का, ते स्वतः वाचून पाहा. वाचून झाला, की नीट घडी घालून पेटीत ठेवा.